झाल्यानंतरचं मागणं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मेणकाका म्हणायचे. नाव ज्यानं ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं, कारण माणसाचा उभा जन्म मेणात गेला होता. सदऱ्याच्या बाहीवर मेणाचे पांढरे ठिपके, बोटांना मेणाचा वास. घरी जेवायला बसले की बायको ओरडायची, "अहो, आधी नखं खरवडून या! नाहीतर आज ताटात मेणच वाढते."

त्यांची खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली होती. लांबट, एका खिडकीची. वर ऑपरेशनच्या खोल्यांतून माणसांच्या शरीराचे तुकडे लहान लहान बाटल्यांतून खाली यायचे. कुणाची गाठ, कुणाच्या आतड्याचा कण. बाटलीत फॉर्मॅलिन असायचं. त्यात मांस पडलं की जिथल्या तिथं थिजतं. मग ते सडत नाही, वाढत नाही, बिघडत नाही, बरंही होत नाही. तो तुकडा मेणात मुरवायचा, मेणाचा छोटासा ठोकळा करायचा, त्याला तिथं ब्लॉक म्हणतात. ब्लॉक यंत्राला लावायचा आणि चाक फिरवून त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचे. काप काचेवर, काच रंगात, आणि रंगवलेली काच शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आणि सांगायच्या, गाठ साधी आहे की जिवावरची.

खिडकीच्या बाहेर बाक होतं. तिथं नातेवाईक येऊन बसायचे. खरं तर तिथं बसून काही मिळायचं नाही, पण काळजीतल्या माणसाला कोण सांगणार? कुणीतरी हमखास खिडकीत डोकावून म्हणायचं, "काका, चांगलं येऊ द्या हो. देवाजवळ एक शब्द टाका."

मेणकाका चाक थांबवायचे, चष्म्याच्या वरून बघायचे. "अहो, यायचं ते येऊन बसलंय. मेणात जे आहे ते आहे. आता देवाला सांगणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!"

तोंडाचे फटकळच होते, त्याला काय करणार. पण मनाचे दुष्ट नव्हते. उलट त्यांना वाटायचं की आपण या लोकांवर उपकारच करतोय. ज्याचा निकाल लागून गेलाय त्यासाठी माणसानं उपाशीतापाशी बसू नये, घरी जाऊन दोन घास खावेत, एवढाच त्यांचा हेतू. लोकांना मात्र ते ऐकून रडू यायचं. मग काका गोंधळायचे आणि कुणाला तरी चहा आणायला पाठवायचे.

देवाबद्दल त्यांचं सगळ्यात मोठं भांडण होतं ते अक्काशी, म्हणजे थोरल्या बहिणीशी. आई गेली तेव्हा हे चड्डीत होते आणि अक्काची शाळा चालू होती. ती शाळा अक्कानं सोडली आणि गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसली. ह्यांना शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न करून दिलं. तिचं स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं. साठीला टेकलेल्या ह्या बाप्याला ती अजून "सोन्या" म्हणायची, तेही भर रस्त्यात. इस्पितळापासून पायी जाण्यासारख्या अंतरावर दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि कारखाना सुटल्यावरही घरी मशीन चालवायची.

अक्का दिवसातून कितीदा तरी देवाशी बोलायची. बसल्या बसल्या, सुईत दोरा ओवता ओवता. आणि मागणं कशाचं, तर कशाचंही. एकदा मेणकाका तिच्याकडे गेले तर बाई टीव्हीसमोर हात जोडून बसलेल्या. आदल्या दिवशी झालेला सामना पुन्हा दाखवत होते, आणि ही आपल्या बाजूनं गोल व्हावा म्हणून देवाला गळ घालतेय!

"अगं, काल हरलो आपण!"

"मला सांगू नकोस! मी बघितला नव्हता."

"तू बघितला नाहीस म्हणून तो व्हायचा राहिलाय का? कप्पाळ!"

"तुझ्यासाठी झालाय. त्याच्याकडे काल आणि आज असं वेगवेगळं असतं का? मी आज बोलले ते त्यानं काल ऐकलं असेल."

"ऐकलं असतं तर जिंकलो असतो ना!"

"नाही म्हणायचा हक्क आहे की त्याला," अक्का म्हणाली आणि तिनं पुन्हा हात जोडले.

मेणकाकांना असला अर्धवट युक्तिवाद सहन व्हायचा नाही. ते समोर खुर्ची ओढून बसले. "हे बघ. तू म्हणतेस तो काळाच्या बाहेर बसलाय. बसू दे बापडा. पण मग त्याला आत हात घालायचा झाला तर? हात कधीतरी घालावा लागेल ना? आणि कधीतरी म्हटलं की अडकला तो घड्याळात, तुझ्या-माझ्यासारखा. एक तर तो बाहेर तरी आहे, नाहीतर कामाचा तरी आहे. दोन्ही कसं चालेल?"

अक्कानं समोरचा अर्धा शिवलेला सदरा उचलला आणि टेबलावर पसरला. "ह्याच्यावर मुंगी चढली, तर तिला आधी बाही लागेल, मग खांदा, मग गळा. तिच्या लेखी बाही झाली, गळा व्हायचाय. मला अख्खा सदरा एकदम दिसतो. मुंगी गळ्यापाशी पोचली असली तरी मी बाहीला टाका घालू शकते."

"पण तो टाका तू दुपारी घालतेस ना? तुलाही दुपार लागतेच की!"

"मी बाई आहे, सोन्या. मी कुठं देव आहे?"

मेणकाका पाय आपटत घरी गेले आणि बायकोला सगळं सांगून वर म्हणाले की अक्का शिकली असती तर वकील झाली असती.

असे दिवस चालले होते. आणि एके दिवशी सकाळी मेणकाकांनी खिडकीतून सहज बाहेर बघितलं तर बाकावर अक्का बसलेली. पदर घट्ट लपेटलेला, एक हात दुसऱ्या काखेपाशी दाबून धरलेला. तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

कसले पांढरे हातमोजे आणि कसलं काय, तसेच धावत बाहेर गेले. "अक्का? इथं काय करतेस?"

"सुई टोचून घेतली," अक्का म्हणाली. "छातीत गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून बघू. काढला. बाटली तुझ्याकडेच येणार ना रे?"

"कधीपासून आहे? मला का नाही सांगितलंस? एकटी आलीस?"

"हळू बोल. लोक बघतात." तिनं त्यांची बाही धरून खाली बसवलं. "तुझ्याच हातात जातेय, बरं झालं. परक्याच्या हातात नको. आणि ऐक. मी माझ्यासाठी आजवर काही मागितलेलं नाही, आताही मागणार नाही. माझी जीभ उचलत नाही स्वतःसाठी. तू माग."

"अक्का, बाटली आत गेलीसुद्धा. आता काय मागू?"

"ते मला ठाऊक नाही. एकदाच. पण मनापासून. थट्टा नको."

एरवी काका उसळले असते. पण अक्काचा चेहरा असा होता, लहानपणी घरात पीठ संपलं की व्हायचा तसा, आणि ती मागत होती. त्यांच्या आयुष्यात तिनं त्यांच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. काका मान हलवून "बरं" म्हणाले आणि आत गेले. बाटली टेबलावर होती. आत सुईनं काढलेल्या मांसाचे तीन बारीक पांढुरके धागे तरंगत होते. दोऱ्याचे तुकडे वाटावेत असे.

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं तेव्हा तिला रडू आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मागा ना मग. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जातंय? अगं, त्या गाठीत जे आहे ते कधीच ठरलंय! मी मागायचं म्हणजे काय मागायचं? की जे झालंय ते झालेलं नसू दे? हे मागणं नव्हे, हा वेडेपणा आहे."

"मग मागू नका."

"आणि नाही मागितलं आणि वाईट निघालं तर?"

हीच तर खरी गोम होती. ज्याचं जळतं त्याला कळतं. आयुष्यभर लोकांना ऐकवलेलं वाक्य आता त्यांना स्वतःला गिळता येईना. अक्काचं खरं धरलं तर उद्या आपण जे मागू ते त्यानं गाठ उगवायच्या आधीच ऐकलेलं असणार. म्हणजे अक्काचा जीव उद्याच्या मागण्यावर टांगलेला. आणि अक्काचं खोटं धरलं तर काहीच कशावर टांगलेलं नाही, आणि मग तिला दिलेला शब्द तरी कशाला पाळायचा? अंथरुणात ह्या कुशीवरून त्या कुशीवर. आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली तेव्हा तर ते उठूनच बसले. मागायचं तर काच बघायच्या आधी मागायला हवं. एकदा बाईंनी निकाल सांगितला की तोंड उघडायची आपल्याला हिंमत होणार नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक तयार होता. पिवळट मेणात ते तीन धागे आडवे बसलेले. असल्या बारीक तुकड्यांचं काम फार जपून करावं लागतं. आधी वरचं मेण छाटायचं. त्या वेळी यंत्र जाड कापावर लावलेलं असतं. चाकाचे मोजकेच वेढे द्यायचे, धाग्याचं तोंड दिसलं की थांबायचं आणि यंत्र बारीक कापावर आणायचं. चार वेढे जास्त पडले तर धागाच छाटला जातो, आणि छाटलेलं परत जोडता येत नाही. नव्या मुलांना काका पहिल्या दिवशी हेच शिकवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावरूनच शिव्या घालायचे. स्वतःच्या हातून असं कधी झालेलं नव्हतं. हाताला इतकी सवय, की काका चाक फिरवता फिरवता वाद घालायचे, घोरलेसुद्धा असते.

त्यांनी ब्लॉक लावला. पातं तपासलं. चाकावर हात ठेवला. बाहेर बाकावर कुणीतरी खोकत होतं. काकांना वाटलं, आत्ताच. आत्ता नाही तर नाही.

त्यांनी डोळे मिटले. पहिल्यांदा काही सुचेचना. कुणाला म्हणायचं आणि कोणत्या तोंडानं? मग एकाएकी आतून काहीतरी फुटल्यासारखं झालं. त्यांच्या डोळ्यांसमोर कारखान्यातली अक्का आली, परकर-पोलक्यातली, मशीनच्या पायट्यावर जेमतेम पाय पुरणारी. काका म्हणाले, "हे बघ, मला तुझ्याशी बोलता येत नाही. तिला येतं. पण ती स्वतःसाठी बोलत नाही, तुला माहीत असेल. तिला वाचव. तेव्हाच वाचव, जेव्हा ते सुरू झालं तेव्हा. मला पटत नाही, तरी सांगतो, तेव्हाच." आणि बोलता बोलता ते रडायला लागले. इतके मनापासून ते बायकोपुढेही कधी रडले नव्हते.

डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात चाक फिरवत होता.

झडप घालून त्यांनी चाक धरलं. ब्लॉककडे बघितलं. तीनपैकी दोन धागे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी नुसतं मेण, खाली पातळशी सावली. तिसऱ्याचा अर्धाअधिक भाग गेला होता, एका टोकाला शेपटासारखा तुकडा राहिला होता. यंत्राखालच्या ताटलीत छाटलेल्या मेणाचा ढीग पडला होता.

"अरे गाढवा," काका स्वतःलाच म्हणाले. "अरे महागाढवा!"

ताटलीत बोटं घातली आणि लगेच काढली. सकाळपासूनची छाटण त्यात होती, आणखी कितीतरी जणांची. एकेक कवडीएवढं मेणाचं वेटोळं उचलून उजेडाला धरलं तर कुठंकुठं पांढरं दिसायचं, पण ते कुणाचं ते कोण सांगणार? दुसऱ्याची गाठ अक्काच्या काचेवर गेली तर? ज्या क्षणी आपण आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं, त्याच क्षणी आपल्या हातानं अक्काचा तुकडा कचऱ्यात गेला. हे उत्तर म्हणायचं का? की नुसता हलगर्जीपणा? आणि मग मनात असा एक विचार आला की त्यांची त्यांनाच शिसारी आली. तुकडाच नाही तर निकालही नाही. हा शेपटाएवढा भागही जाऊ दे. चाक आणखी दोनदा फिरव आणि सांग, नमुना पुरला नाही.

त्या मोहात ते बराच वेळ उभे राहिले असतील. पण पुन्हा सुई म्हणजे पुन्हा अक्का एकटी त्या वरच्या खोलीत. आणि उपचाराचे दिवस वाया. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, यंत्र बारीक कापावर आणलं, मेण घट्ट व्हावं म्हणून ब्लॉकवर बर्फ धरला. मग श्वास रोखून चाक फिरवलं. एक काप आला आणि चुरगळला. दुसरा फाटला. काकांनी दात-ओठ खाल्ले. तिसऱ्यापासून काप एकाला एक जोडून आले, लांब पट्टीसारखे. कोमट पाण्यावर त्यांनी ती पट्टी सोडली, ती सुरकुत्या मोडत पसरली, आणि काकांनी काच पाण्यात तिरकी घालून हळूच वर उचलली. अक्काचा सगळा हिशेब त्या काचेवर तांदळाच्या दाण्याहून लहान जागेत होता.

काच रंगवून त्यांनी स्वतः नेऊन दिली. एरवी देऊन मागे फिरायचे. आज दारातच उभे राहिले.

डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीसारख्या होत्या. त्यांनी काच लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, हे कुणी छाटलं? एवढासाच राहिलाय."

"मी."

बाईंनी मान वर केली. "तुम्ही?"

"माझी चूक आहे, मॅडम. पुरतोय का तेवढं बघा."

बाई पुन्हा वाकल्या. काच थोडी इकडे, थोडी तिकडे. भिंग बदललं. काकांना त्यांच्या बोटांशिवाय काही दिसत नव्हतं. बोटं थांबायची, पुन्हा सरकायची. साधं असलं की बाई भराभर बघून काच बाजूला ठेवायच्या, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आज त्या एकाच जागी परत परत येत होत्या. काकांना वाटलं, ओरडावं की बाई, बोला काहीतरी.

"पुरलं," बाई शेवटी म्हणाल्या. "चांगलं नाही, काका. आडदांड जात आहे. कुणाचं आहे?"

"माझ्या बहिणीचं."

बाई खुर्चीतून उठल्या. काय करावं हे त्यांनाही कळेना. त्यांनी काकांना पाणी दिलं, उपचार आहेत म्हणाल्या, सोपे नाहीत पण आहेत म्हणाल्या. काकांनी एकच विचारलं. "मी ते दोन धागे वाया घालवले नसते तर?"

"तरी हेच आलं असतं."

"मला तेच म्हणायचंय, मॅडम," काका म्हणाले आणि बाहेर पडले. बाईंना त्यातलं काही कळलं नाही.

त्या दिवशी मेणकाका काम टाकून दुपारीच निघाले. रस्ता तोच, दुकानं तीच, चपला दुरुस्त करणारा नेहमीसारखा "आज लवकर?" म्हणाला, पण काकांना काही ऐकू आलं नाही. डोक्यात जुळवाजुळव चालली होती. गाठ वाईट आहे हे सांगायचं, उपचारांचं सांगायचं, माझ्या घरी राहायला ये म्हणायचं. सगळं जुळलं. एकच प्रश्न राहिला, आणि अक्का तो विचारणारच. मागितलंस का?

हो म्हटलं तर? मनापासून मागितलं, डोळ्यांतून पाणी काढून मागितलं, आणि त्यानं नाही म्हटलं. सामन्याला नाही म्हणणं वेगळं. अक्कानं जन्मभर ज्याच्याशी गप्पा मारल्या, त्यानं तिच्या जिवाला नाही म्हटलं, हे तिला कसं सांगायचं? पुढचे जे काही दिवस असतील ते तिनं कुणाशी बोलायचं मग? स्वतः काकांना देवाचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तो राहिला काय, गेला काय. पण अक्काचा राहायला हवा होता.

अक्का मशीनवर होती. त्यांना दारात बघून तिनं पाय थांबवला. "ये. बस." मग चेहरा बघून म्हणाली, "वाईट आहे ना?"

"हो."

तिनं शिवण संपवली. दोरा तोडला. कपडा घडी करून बाजूला ठेवला. काका बघत राहिले.

"मागितलंस का?"

"नाही," काका म्हणाले.

"का?"

"जमलं नाही, अक्का. डोळे मिटले, पण तोंडातून शब्दच निघेना. माझं तुला माहीत आहे. चूक झाली."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता, आणि अक्काचा राग म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. "जन्मात एक काम सांगितलं होतं तुला. एक!"

काकांनी मान खाली घातली. बोलू दे. तिनं त्यांना शिव्या घातल्या तरी चालतील, वर बघून देवाला घालू नयेत. मग अक्का उठली, त्यांच्याजवळ येऊन बसली आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"मी तरी कुठं सरळ आहे? मीही लपवलंच की. मला हे कळून बरेच महिने झाले, सोन्या. थंडीचे दिवस होते. आंघोळ करताना हाताला लागलं. लागलं तशी मी खाली फरशीवरच बसले. नळ वाहतोय, बंद करायचं सुचत नाही. माझे दात असे वाजत होते की मलाच ऐकू येत होते. आई अशीच गेली, ते सगळं आठवलं. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती रे. आई गेली तेव्हासुद्धा नाही, तेव्हा तू होतास कडेवर. तुला हाक मारावी असं वाटलं, पण तू कामावर."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय झालं कोण जाणे. कुणी आलं नाही, गेलं नाही. देवाला हाक मारायचंही मला सुचलं नव्हतं, खरं सांगते. पण दात वाजायचे थांबले. एकटं वाटेना. जवळ कुणी बसलंय, घाई नाही, असं वाटलं. मी उठले, नळ बंद केला, अंग पुसलं, कपडे वाळत घातले. नंतर भीती म्हणून वाटलीच नाही, म्हणून तर सांगायचं पुढं ढकलत गेले. चुकलंच माझं."

"महिनोन्‌महिने!" काका ओरडले. त्यांचा संताप आणि रडू एकदमच बाहेर पडलं. "अगं, तेव्हाच सांगितलं असतंस तर! मी होतो ना! मी तिथं रोज दुसऱ्यांच्या गाठी कापत बसलो होतो, आणि तू इकडे एकटी फरशीवर!"

"गप. रडू नकोस. वेळ गेली असं तुला वाटतंय." तिनं लहानपणी करायची तसे त्यांचे दोन्ही हात धरून एकमेकांना जोडले. "तेव्हा नाही जमलं, आता माग. माझ्यासमोर माग."

"आता काय मागू, अक्का?"

"तुला काय हवंय ते."

काकांनी डोळे मिटले. काचेवरचं ते मनात आलं, पण त्यासाठी मागून झालं होतं आणि उत्तरही मिळालं होतं. त्यांना आता दुसरंच हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की पटतंय की नाही हे बघायलाही ते थांबले नाहीत. शेजारी अक्काचा श्वास ऐकू येत होता. तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते मनातल्या मनातच बोलले.

"तिकडे न्हाणीघरात माझी बहीण ओल्या फरशीवर बसलीय. नळ वाहतोय. तिचे दात वाजतायत. मी कामावर आहे, मला अजून काही माहीत नाही. तू जा. तिच्याजवळ बस. लवकर जा."